काढायच्या आधी दुखतं त्याचं काय

"आता काढायचीच आहे ना, मग थोडं दुखलं तर काय एवढं" असं मला आत्तापर्यंत किती जणींनी ऐकवलंय. प्रेमानेच म्हणतात, पण मला ते फार लागतं. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे, दुखतंय आज, आणि आजची रात्र मलाच काढायचीये.

बायोप्सीनंतर, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा तपासायला काढल्यावर, डाव्या स्तनाची बाजू आधी काळीनिळी पडली मग हिरवट पिवळी, आणि गाठीच्या शेजारी अजून एक कडक भाग लागायला लागला. रात्री हात तिथंच जायचा आणि वाटायचं वाढली, पसरली. सर्जन मॅडमना दाखवलं तर आत रक्त साकळलंय म्हणाल्या, हळूहळू जिरतं. सुई टोचली की कॅन्सर पसरतो हे आपल्याकडे घरोघरी बोललं जातं, कृपा करून मनावर घेऊ नका, बायोप्सीशिवाय कॅन्सर कुठल्या प्रकारचा हे कळत नाही आणि ट्रीटमेंटही ठरत नाही. आणि जास्त दुखतंय म्हणजे जास्त पसरलंय असंही नसतं, बहुतेक गाठी तर दुखतच नाहीत. मात्र लाल झालं, गरम लागलं, ताप आला, पू आला किंवा सूज भराभर वाढली तर वाट न बघता फोन करायचा.

मला खरा उपयोग झाला तो पुढून हुक असलेल्या मऊ कॉटन ब्राचा, वायर नसलेली, रात्रीसुद्धा घालते. झोपताना काखेखाली छोटी उशी. स्कूटरवर मागे बसणं बंद केलं कारण प्रत्येक स्पीडब्रेकरला कळ जायची. गोळी फक्त पॅरासिटामॉल, तीही विचारून, घरात कॉम्बिफ्लाम पडलेली असते पण त्यात आयबुप्रोफेन असतं आणि त्याने रक्तस्राव वाढू शकतो म्हणून ऑपरेशनच्या आधी मनाने घ्यायची नाही. अश्वगंधा, हळदीच्या कॅप्सूल, फिश ऑइल, जे काय चालू असेल ते सगळं भूलतज्ज्ञांना सांगायचं.

काळजीचं मात्र अवघड आहे. दिवसा कामात जातो वेळ, पहाटे तीनला जाग आली की सगळं एकदम अंगावर येतं. मग मी उठून वहीत प्रश्न लिहिते, ड्रेन, म्हणजे जखमेतलं पाणी बाहेर काढणारी नळी, घरी किती दिवस राहणार, काखेतल्या गाठी किती काढणार, रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे स्तन पुन्हा तयार करणं, आत्ता की नंतर. प्रश्न लिहिला की निदान तो डॉक्टरांना विचारायचा होतो, एकटीने उलगडत बसायचा राहत नाही.

एका गोष्टीने खूप धीर आला. टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांच्या टीमने 2023 मध्ये छापलेला अभ्यास, भारतातल्या 11 सेंटरमधल्या 1600 बायका, आधी केमो न घेता थेट ऑपरेशन होणाऱ्या. अर्ध्या जणींना कापायच्या थोडं आधी गाठीभोवती लिडोकेनचं इंजेक्शन दिलं, साधं बधिर करायचं औषध, स्वस्त, आणि पाच वर्षांनी जिवंत असण्याचं प्रमाण 86.4 वरून 90.1 टक्के झालं. माझंही थेट ऑपरेशनच आहे म्हणून विचारलं, मॅडम म्हणाल्या हो, आपण देणार आहोत. त्या रात्री झोप लागली मला.

नवरा आता "कशी आहेस" विचारत नाही, "आज कुठं दुखतंय" विचारतो. त्याला नीट उत्तर देता येतं.

ज्यांचं झालंय त्यांनी एवढं सांगा, ड्रेन असताना घरात काय घालत होतात, मॅक्सी की पुढून बटणांचा शर्ट? शनिवारी खरेदीला जाणार आहोत.