मीटरचा लाल दिवा आणि घरखर्च

रविवार, रात्र

घरखर्चाची वही घेऊन बसायचं होतं, पण आज वहीच्या आधी मीटर बघितला. विजेचं बिल हातात येतं तोवर महिना उलटून गेलेला असतो आणि कशाने किती वीज खाल्ली हे कुणालाच आठवत नाही. मीटर त्याच क्षणी सांगतो. आमच्या मीटरवर बारीक अक्षरांत ३२०० असा आकडा छापलेला आहे. त्याच्या शेजारचा इवलासा लाल दिवा तितक्या वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. हा आकडा मीटरगणिक वेगळा असतो, ज्याने त्याने आपला बघून घ्यावा.

लेकीला मीटरपाशी उभं केलं आणि मी आत एकेक बटण दाबत गेले. आधी सगळं बंद ठेवून फक्त फ्रिज. लाल दिवा मिनिटाला पाचेक वेळा लुकलुकत होता. मग खोलीतला ९ वॅटचा एलईडी लावला.

"लावलास का? काहीच फरक नाही गं आई."

फरक होता, पण डोळ्यांना दिसण्याइतका नव्हता. तेवढा एकच दिवा चालू असला तर मीटर दोन मिनिटांतून जेमतेम एकदा लुकलुकतो. शेवटी गीझर लावला. तिकडून ओरडा आला, "आई, थांबतच नाहीये हा!" २००० वॅटच्या गीझरला सेकंदाला जवळजवळ दोन लुकलुकी लागतात. इतकी वर्षं बिलात जे वाचून कळलं नव्हतं, ते तिला तिथे उभ्या उभ्या कळलं.

म्हणून आज वहीत पहिलं हेच लिहिलं: घरातली जी वस्तू काही तापवते किंवा गार करते, ती पैसे खाते. गीझर, इस्त्री, हीटर, ओव्हन, एसी. बाकीच्यांचा खर्च त्यांच्यापुढे किरकोळ. एका युनिटात साधारण ३४ लिटर पाणी २५ अंशांनी तापतं, म्हणजे एकदोघांच्या अंघोळीपुरतं. तेवढ्याच युनिटात ९ वॅटचा दिवा १११ तास जळतो. एक मोबाईल तर महिनाभर रोज चार्ज होतो. दिवा विसरला म्हणून घराघरांत केवढी बोलणी होतात! रिकाम्या खोलीतला दिवा बंद करावाच, पण त्यावरून कुणाचा दिवस खराब करावा एवढा तो खर्च नाही. मला हे फार मनापासून वाटतं. काटकसरीच्या नावाखाली माणसांना सारखं टोकत राहिलं की घरातली माणसं वैतागतात आणि बिल होतं तेवढंच राहतं.

त्यापेक्षा अंघोळी पाठोपाठ उरकाव्यात. टाकीत तापून राहिलेलं पाणी हळूहळू निवतं आणि तीच उष्णता पुन्हा विकत घ्यावी लागते. रोजचे कपडे थंड पाण्यात चांगले निघतात. मशीन गरम पाण्यावर लावली तर बहुतेक वीज ते पाणी तापवण्यातच जाते. साबणाची पावडरही जास्त टाकल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, उलट खळबळायला पाणी जास्त लागतं. इस्त्री आठवड्यातून एकदा, सगळे कपडे एका बैठकीत.

फ्रिजसाठी एक सोपी युक्ती आहे. दारात कागदाचा कपटा धरून दार लावायचं आणि कागद ओढून बघायचा. सहज निसटला तर तिथलं रबर सैल झालंय, गारवा तिथून बाहेर जातोय. आमच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात कागद अलगद सुटला. रबर आधी पुसून घेतलं, कारण कधी कधी नुसता चिकट मळ साचलेला असतो. पुसल्यावर कागद धरून राहिला. नवीन रबराचा खर्च टळला.

गॅसचं शास्त्र तर याहून साधं आहे. पाण्याला उकळी फुटली की ते आणखी तापत नाही. आच कितीही मोठी ठेवा, फक्त वाफ जास्त होते. म्हणून उकळीनंतर आच बारीक आणि वर झाकण. कुकरमध्ये दाबामुळे पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं, म्हणून शिजायला वेळ कमी लागतो. पण दाब चढल्यावर मोठी आच तिथेही फुकट. ज्वाळा भांड्याच्या बुडाबाहेर आली की ती खोली तापवते, भांडं नाही. निळ्याऐवजी पिवळी दिसायला लागली तर बर्नर साफ करायचा.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकतोय. त्याच्याखाली १० मिनिटं मापाचा पेला ठेवला, ५० मिली जमलं. दिवसाचं काढायला १४४ ने गुणायचं: ७ लिटरच्या वर. वर्षाचे अडीच हजार लिटरहून जास्त. आणि हे सगळं एका झिजलेल्या वॉशरपायी.

खरेदीचा हिशेब लिहिताना मात्र हात थबकला. मोठं पाकीट स्वस्त पडतं असं सगळे सांगतात. बहुतेकदा पडतंही, पण दर वेळी नाही. किंमत आणि वजन दोन्ही बघून १०० ग्रॅमचा भाव काढल्याशिवाय कळत नाही, आणि पाकिटाचा आकार तोच ठेवून आतलं वजन कमी केलेलंही सर्रास दिसतं. मला खरी टोचणारी गोष्ट वेगळीच आहे. ज्याच्या हातात रोजचे रोज पैसे येतात, तो लहानच पाकीट घेणार. त्याला दर ग्रॅमला जास्त मोजावे लागतात. कमी वीज खाणारा फ्रिज महाग असतो, म्हणून जुना जास्त खाणारा फ्रिजही त्याच्याच घरात राहतो. बचत करायला आधी हातात चार पैसे लागतात, हे काटकसरीचे सल्ले देणारे विसरतात. दोनतीन घरांनी मिळून मोठं पोतं किंवा डबा घ्यायचा आणि वाटून घ्यायचा, हा यावर माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय. त्यात कुणाकडे हात पसरावा लागत नाही.

फेकून दिलेल्या अन्नाएवढं महाग घरात काही नसतं. त्यात आणण्याचे पैसे गेलेले असतात, शिजवण्याचा गॅस गेलेला असतो आणि कुणाची तरी अर्धी संध्याकाळ गेलेली असते. फ्रिजमध्ये मागे सरकलेला डबा सापडतो तो वास आल्यावरच. म्हणून आजपासून आमच्याकडे मधला कप्पा फक्त उरलेल्यासाठी, अगदी समोर, झाकणातून आतलं दिसेल अशा डब्यांत. भूक लागली की आधी तिथे बघायचं. लेकीने झाकणांवर वार लिहिलेल्या चिठ्ठ्या चिकटवल्यात, मला न विचारता.

काही गोष्टींत मी काटकसर करणार नाही, तेही वहीत लिहून ठेवलं. गॅसची नळी मुदतीत बदलायची. उघडी पडलेली वायर चिकटपट्टीने भागवायची नाही. औषधाचा डोस अर्धा करून पुरवायचा नाही. दुखरा दात लवकर दाखवायचा, कारण थांबलं की लहान कामाचं मोठं होतं. आणि अभ्यासाच्या टेबलावर भरपूर उजेड. तो किती स्वस्त आहे ते आज मीटरनेच सांगितलं.

शेवटचं पान वर्षातून एकदाच येणाऱ्या खर्चांचं: विमा, फी, दुरुस्त्या, पाहुणेरावळे. हे खर्च अचानक येतात असं आपण म्हणतो, पण त्यातल्या बऱ्याच खर्चांच्या तारखा आधीपासून ठाऊक असतात. सगळ्यांची बेरीज केली, १२ ने भागली आणि तेवढी रक्कम महिन्याच्या पहिल्याच दिवशी वेगळ्या खात्यात टाकायची असं ठरवलं. भागाकार बघून छातीत धस्स झालं खरं. म्हणून दर महिन्याला आपोआप कापल्या जाणाऱ्या वर्गण्यांची यादीही काढली. त्यातल्या दोन तर घरात कुणी वापरतच नाही. त्या आत्ताच बंद केल्या. तिसरीबद्दल लेकीशी बोलायचंय, ती तिची आहे. बंद करायची की खाऊच्या पैशांतून चालू ठेवायची, ते तिने ठरवावं.

उद्या येताना वॉशर आणायचा. जुना काढून सोबत न्यायचा, म्हणजे मापाचा घोळ होणार नाही.