मागचं सॉकेट

अँप्लिफायर टेबलावर ठेवता ठेवताच गृहस्थ म्हणाले, "दोन फ्यूज उडाले. मग फ्यूजच्या जागी तार घातली, तर घराची एमसीबीच पडली." असे उद्योग सहसा कुणी कबूल करत नाही, म्हणून मला ते आवडले.

सेट अमेरिकेतला, 120 व्होल्टचा. हात घालण्याआधी फिल्टर कॅपॅसिटर रिकामे केले, बंद सेटमध्येही त्यांत चार्ज राहतो. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीला, म्हणजे मेन्सच्या बाजूला, तारेची दोन वेटोळी (वाइंडिंग), प्रत्येकी 120 ची. अशा ट्रान्सफॉर्मरचं काम सोपं असतं: 120 ला दोन्ही पॅरलल, 230 ला सिरीज. आपल्या 230 साठी त्यांनी सिरीजच केली होती, डागही चांगले दिले होते. मेन्स आणि सेटच्या मध्ये सिरीज बल्ब लावला (100 वॉटचा, जुना तारेचा, एलईडी इथे कुचकामी; सेट जास्त करंट ओढत असेल तर तो लख्ख पेटतो, नाहीतर मंद राहतो) आणि चालू केलं. बल्ब लख्ख पेटला तो पेटलेलाच.

म्हणजे टोकं उलटी असणार. चारही सोडवली. छोट्या ट्रान्सफॉर्मरचे 12 व्होल्ट एसी एका वाइंडिंगला दिले. दुसरीवरही साधारण 12 मिळाले. मग दोघींचं एकेक टोक त्यांनी जोडलं होतं तसंच जोडून उरलेल्या दोन टोकांवर मीटर धरला. जवळपास शून्य! एका वाइंडिंगची टोकं फिरवली, 24 आले. दोघी एकमेकींचं चुंबकत्व खोडत होत्या, करंट अडवायला उरला होता तो नुसत्या तांब्याचा रेझिस्टन्स. एमसीबी पडली नसती तर ट्रान्सफॉर्मर गेला होता.

नीट जोडून पुन्हा चालू केलं. बल्ब क्षणभर चमकला आणि मंदावला. हा मंद बल्ब बघायला मला अजूनही मजा येते. व्होल्टेज दुप्पट म्हणजे करंट निम्मा, म्हणून 4 अँपियरच्या जागी 2 चा स्लो-ब्लो (सुरुवातीचा झटका सोसणारा) फ्यूज टाकला, स्विचवरचा 125 व्होल्टचा कॅपॅसिटर बदलला.

झाकण लावणार, तेवढ्यात ते म्हणाले, "टर्नटेबल मागच्याच सॉकेटला लावतो. सेटबरोबरचंच आहे."

माझा हात थांबला. अँप्लिफायरच्या पाठीवरचं ते सॉकेट थेट मेन्सवर होतं, ट्रान्सफॉर्मरशी त्याचा संबंधच नाही. तिथे आता 230 येणार आणि टर्नटेबल 120 चं. शिवाय त्याची मोटर सिंक्रोनस, म्हणजे मेन्सच्या हर्ट्झवर वेग ठरणारी, आणि 60 हर्ट्झची. व्होल्टेज उतरवून दिलं तरी 50 हर्ट्झवर मिनिटाला 33⅓ ऐवजी 27.8 फेरेच मारणार. त्याला पुलीच बदलावी लागते.

सॉकेटच्या वायरी कापल्या, टोकांवर स्लीव्ह चढवली.

"मग टर्नटेबलही आणू का?"

"आणा. पण आधी कुठे लावून बघू नका."