आईच्या बायबलातली नावं

रविवार, रात्री

आईला जाऊन आज वर्ष झालं. अंगणात सतरंज्या टाकून स्मरणाची प्रार्थना झाली. यवतमाळहून मावशी आली, पांढरकवड्याहून मामा. पाळकसाहेबांनी नीतिसूत्रांचा ३१ वा अध्याय वाचला. सद्गुणी स्त्रीवरची ती २२ वचनं मूळ हिब्रूत वर्णमालेच्या क्रमाने रचलेली आहेत, असं त्यांनी सांगितलं आणि मला एकदम आईचं बोट आठवलं. एकेका अक्षराखालून सरकणारं.

लग्न होऊन आली तेव्हा तिला वाचता येत नव्हतं. त्या काळी यवतमाळला सेमिनरी, म्हणजे पाळक घडवणारी शाळा, होती. १९५३ साली सुरू झालेली, १९८३ साली ती पुण्याला गेली. तिथले काही विद्यार्थी इतवारी पेटी घेऊन आमच्याकडे भजनाला यायचे. त्यांच्यातल्या एकाच्या बायकोने कंदिलाच्या उजेडात, बायबल समोर ठेवून इथल्या बायकांना अक्षरं शिकवली. आईने पुढे जन्मभर तसंच वाचलं, बोट ठेवून, मोठ्याने. बियाण्याच्या पिशवीवरचा मजकूर, सोसायटीची नोटीस, कुणाच्या पोराचं पत्र, सगळा मोहल्ला तिच्याकडे घेऊन यायचा. कुठल्याही कागदावर सही करण्याआधी बाबांनाही ती अडवायची. "आधी मले वाचू द्या."

चहाच्या वेळी जो तो म्हणत होता, फार सोशिक बाई होती. मला हे अजिबात पटत नाही. त्या अध्यायातली बाई तरी कुठे सोशिक आहे? ती पारखून शेत विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, पहाटे अंधारात उठते. आईची भक्तीही अशीच होती, हट्टी आणि कामाला जुंपलेली.

रविवारी आपल्या वावरात पाय ठेवायचा नाही, हा तिचा नियम. दिवाळीनंतर वेचणीचा जोर असतो, मजूर मिळत नाहीत, आणि बोंडं फुटलेली असताना आभाळ आलं की घरात कुणाला घास जात नाही. कापूस भिजला की पिवळा पडतो, भाव उतरतो. अशाच एका रविवारी आभाळ भरून आलं होतं. बाबा चिडून म्हणाले, कापूस काय देव घेऊन देणार आहे का? आई काही न बोलता चर्चला गेली, आम्हालाही नेलं. परत आल्यावर जुनं पातळ नेसून, कमरेला ओटी बांधून निघाली, ती थेट शेजारच्या काकूच्या वावरात. काकूचा नवरा त्याच वर्षी गेला होता, पोरं लहान होती. दिवस मावळेपर्यंत आम्ही तिथे वेचत होतो आणि बांधापलीकडे आमची पराटी पांढरी फटक उभी होती. मी रागाने एक शब्द बोलले नाही. रात्री पाऊस आला, आमचा कापूस भिजला.

बाबांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, "बैल विहिरीत पडला तं इतवारी काढाचा का नाही? आपलं आपण पाहून घेऊ. तिचं कोन पाहीन?" तो लूकच्या १४ व्या अध्यायातला बैल. बाबांना ते वचन माहीत होतं. ते उठून बाहेर जाऊन बसले.

आणि २००६ साल. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांत पेपरात रोज कुठल्या तरी गावाचं नाव यायचं. जूनच्या अखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, जुलैच्या पहिल्याच दिवशी सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर झालं. त्या सहांत आमचा यवतमाळ जिल्हा होता. बाबा तेव्हा बोलेनासे झाले होते. जेवायला बसायचे आणि भाकरीकडे बघत राहायचे. आईने फवारणीचं औषध उचललं, स्वतःच्या लोखंडी पेटीत घातलं, कुलूप लावून किल्ली पदराला बांधली. फवारणीच्या दिवशी लागेल तेवढं मोजून द्यायची, उरलेलं स्वतः परत आणायची. आसपासच्या घरांतल्या बायकांनाही तिने हेच करायला लावलं, आणि ज्या ऐकत नव्हत्या त्यांच्या दारात जाऊन बसली.

प्रार्थनेत ती नेहमी बायबलातली मराठी बोलायची, हे स्वर्गीय पित्या वगैरे. त्या दिवसांत मात्र बाबांच्या समोर, डोळे मिटून, सरळ म्हणायची, "प्रभू, हा मानूस मले पायजे." रोज रात्री. आम्ही आमेन म्हणायचो. बाबा म्हणायचे नाहीत. मग केव्हा तरी म्हणू लागले.

आज बाबा सगळ्यांच्या पुढे बसले होते.

पाहुणे गेल्यावर तिचं बायबल काढलं. मागच्या कोऱ्या पानांवर नावं आहेत, तिच्या वाकड्या अक्षरांत. आमची, नातवंडांची, काकूची, काकूच्या पोरांची. कुणाची दारू सुटावी म्हणून, कुणाची सोयरीक जुळावी म्हणून. ज्याचं काम झालं त्याच्यापुढे तारीख घातलेली. ही यादी ती रोज वाचायची, आणि वर्षभर ती कुणी वाचली नव्हती. म्हणून बाबांना ऐकू येईल असं मी वाचायला लागले.

दुसऱ्या पानावर सावकाराचं नाव आलं. ज्याने त्या साली आमचं विहिरीचं वावर लिहून घेतलं, तोच. मी थांबले.

"वाच नं बाई," बाबा म्हणाले. "तिनं तं एक रात सोडली नाही त्याले."

वाचलं. त्याच्याच खाली त्याच्या मुलीचं नाव होतं आणि पुढे लिहिलं होतं, आजारी. त्याला आजारी मुलगी आहे, हे मला माहीतच नव्हतं.