टाका की टाकून द्या

मंगळवार, रात्री उशिरा

टेबलाभोवती बसून, एकेक पात्र घेऊन गोष्ट रचायचा एक खेळ मी केलाय, त्याच्या नियमपुस्तिकेच्या प्रती आज छापून आल्या. दोनशे. खोका फोडला, वरची प्रत उचलली आणि मुखपृष्ठ न बघता आधी पान 11 काढलं. ‘संकट आलं की मधल्या ढिगातले दोन फासे घ्या, फेका, बेरीज बघा आणि फासे ढिगात परत ठेवा.’ ओळ लांबलचक आहे, तिला काही डौल नाही. पण या एका ओळीने माझे तीन आठवडे खाल्लेत, म्हणून तिचंच तोंड आधी बघितलं.

आधी तिथे नुसतं ‘मधले दोन फासे टाका’ एवढंच होतं. वर्षभर आम्ही तसंच खेळलो, कुणाला काही अडलं नाही. अडणार कसं? टेबलाशी मी बसलेली असायचे. कुणाचा हात घुटमळला की मी बोलायचे आणि खेळ पुढे जायचा. मग एका अनोळखी गटाला मसुदा पाठवला. मला काही विचारायचं नाही, जे समजेल तसं खेळायचं आणि सगळं ध्वनिमुद्रित करायचं, एवढ्याच अटी.

ते ध्वनिमुद्रण मी कानाला लावून ऐकलं. पहिलं संकट आलं, कुणीतरी नियम मोठ्याने वाचला आणि दोन फासे परत डबीत पडल्याचा आवाज आला. दुसरं संकट, पुन्हा दोन डबीत. ढिगात फासे बारा. सहाव्या संकटाला ढीग संपला आणि तीन तासांचा खेळ पाऊण तासात आटोपला. शेवटी एकजण म्हणाला, “छान आहे, पण लवकर संपला.” कुणाच्याच आवाजात तक्रार नव्हती. खेळ असाच असणार, असं त्यांनी धरून घेतलं होतं. त्यांनी वाचलं त्यात काहीच चूक नव्हती. आपण पत्र टाकतो ते पोचावं म्हणून आणि कचरा टाकतो तो परत येऊ नये म्हणून, क्रियापद एकच. ते टाकून देत होते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. कथेत एखादं वाक्य फसलं तर एका वाचकाचं वाचन अडखळतं. इथे एकजण पुस्तक वाचतो, बाकीच्या चौघांना समजावतो आणि पाच जणांची संध्याकाळ त्या एका वाक्यावर उभी राहते.

बुधवार

दिवसभर पाकिटं भरली. संध्याकाळी हिशेब मांडला.

पीडीएफ दोन संकेतस्थळांवर विकायला ठेवली आहे. ड्राइव्हथ्रूआरपीजीवर फक्त त्यांच्याकडेच विकायचं कबूल केलं तर विक्रीचे 70 टक्के हातात येतात, इतरत्रही विकायचं असेल तर 65. मी 65 घेतले, कारण इच डॉट आयओ मला सोडायचं नव्हतं. तिथे संकेतस्थळाला किती द्यायचं ते आपण ठरवतो, आधीपासून भरलेला आकडा 10 टक्क्यांचा असतो. तो मी तसाच राहू दिला. आणि तिथली एक रीत मला मनापासून आवडते: कुणी एक प्रत विकत घेतली की एक प्रत ज्याला परवडत नाही त्याच्यासाठी फुकट ठेवायची. कुणी का मागितली ते विचारायचं नाही. आजपर्यंत तशा एकोणीस गेल्या. माझ्या लेखी त्या एकोणीस टेबलं आहेत, बुडालेली विक्री नव्हे.

दुकानांपर्यंत जायचं तर वितरक लागतो आणि वितरक छापील किमतीच्या साधारण 40 टक्क्यांना माल उचलतो. त्याच 40 टक्क्यांत छपाई, चित्रकाराचं मानधन आणि वाहतूक बसवायची. दोनशे प्रतींत ते बसत नाही. दोन हजार छापल्या तर दर प्रतीमागे खर्च उतरतो, पण मग खोके ठेवायचे कुठे? ते गणित मी यंदा बंद केलं.

छपाईबद्दल एक लिहून ठेवते, पुढच्या वेळी उपयोगी पडेल. मधोमध पिना मारलेल्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच येतात. माझा मजकूर चौतीस पानांत संपत होता, म्हणजे छत्तीस करणं भाग. उरलेली दोन पानं जाहिरातीला द्यायचा सल्ला मिळाला. मी तिथे खेळाची पहिली पंधरा मिनिटं संवादासकट लिहून काढली: कोण काय म्हणतं, कुणी फासे कधी उचलले, ते परत कुठे ठेवले. अख्ख्या पुस्तिकेतली सर्वांत कामाची पानं तीच निघाली. दुसरं, घडी घातली की आतली पानं बाहेर सरकतात आणि कटिंगमध्ये त्यांची कड जास्त जाते. पहिल्या प्रूफमध्ये मधल्या पानांचे आकडे अर्धे कापले गेले होते. समास मीच कमी सोडला होता.

गुरुवार

1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा असाच पात्रं घेऊन खेळायचा खेळ आला तेव्हा तीन पुस्तिका एका पेटीत घातलेल्या होत्या. पहिल्या छपाईच्या 1000 प्रती, त्या पेट्या घरच्या घरी हाताने जुळवलेल्या. हे आठवलं की या पाकिटांच्या ढिगाऱ्यात धीर येतो. त्या नियमांत मोकळ्या जागा पुष्कळ होत्या, लोकांनी आपापल्या परीने भरल्या. खेळलेला माणूस न खेळलेल्याला शिकवत गेला. माझी पुस्तिका जिथे जाईल तिथे आधी खेळलेलं कुणी नसेल. मोकळी जागा ठेवायला माझी ना नाही, पण ती मी ठरवून ठेवलेली असावी.

फाशांची चौकट माझी नाही, तसं पहिल्याच पानावर लिहिलंय. ती व्हिन्सेंट बेकर यांच्या 2010 च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या खेळातली: दोन फाशांची बेरीज, दहा किंवा जास्त आले तर मनासारखं, सात ते नऊ आले तर होतं पण किंमत मोजून, सहा किंवा कमी आले तर अडचण. बेरजेत वर काहीच मिळवायचं नसेल तर छत्तीस शक्यतांपैकी सहा वेळा मनासारखं, पंधरा वेळा किंमत मोजून, पंधरा वेळा अडचण. गोष्ट पुढे नेतात त्या मधल्या पंधरा. इतकं सुंदर यंत्र त्यांनी इतरांना वापरू दिलं म्हणून माझा खेळ आहे.

माझे नियमही मी क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली मोकळे केलेत, श्रेय द्या आणि वापरा. जानेवारी 2023 मला नीट आठवतो. 2000 सालापासून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या ज्या खुल्या परवान्यावर शेकडो छोटे प्रकाशक उभे होते, तोच बदलण्याचा मसुदा बाहेर फुटला. हातातलं काम सोडून सगळे परवाना वाचत बसले होते. ओरड झाली आणि 27 जानेवारीला तो खेळ काढणाऱ्या विझर्ड्स ऑफ द कोस्ट कंपनीने मूलभूत नियमांचा दस्तऐवज क्रिएटिव्ह कॉमन्सखाली आणला. पण त्या तीन आठवड्यांत जी धास्ती बघितली ती माझ्यामुळे कुणाच्या वाट्याला यायला नको.

शुक्रवार

त्याच गटाला परवाच नवी पीडीएफ पाठवली होती. काल रात्री ते पुन्हा खेळले, या वेळी पुरते तीन तास. सकाळी निरोप आला. पान 11 नीट कळलं. मग पुढे: “पान 26. ‘जखम झाली की एक खूण करा.’ खूण कुठे करायची, पात्राच्या कागदावर की नकाशावर? आम्ही दोन्हीकडे केली.”

पान 26 उघडलं. खरंच लिहिलेलं नाही. पात्राच्या कागदावर करायची.

पीडीएफ दुपारीच दुरुस्त केली. भरलेली पाकिटं पुन्हा उघडली. छापील प्रतींसाठी दोन ओळींचं शुद्धिपत्र केलं, एका कागदावर आठ बसतात. पंचवीस कागद छापून कात्री घेऊन बसले आहे. साठ चिठ्ठ्या कापून झाल्या.