तुम्ही विचारलंत म्हणून : भरती संस्थेने कोणता विमा घ्यावा?

भरती संस्था चालवणारी मंडळी मला वारंवार विचारतात : आमच्याकडे यंत्रे नाहीत, गोदाम नाही, माल नाही, मग आम्ही विमा नेमका कशाचा उतरवायचा, आणि इतक्या पॉलिसींतून निवड कशी करायची? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आपण ग्राहक कंपन्यांशी केलेल्या करारांत असते, म्हणून हप्त्याचे दर मागवण्याआधी ते करार समोर घेऊन बसावे, असे मी प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

उमेदवाराची पदवी खरी आहे, परवाना चालू आहे, पूर्वीच्या मालकाकडे चौकशी केली आहे, असे आपण कळवतो, आणि त्या भरवशावर ग्राहक त्याच्या हाती तिजोरी, रुग्ण किंवा अवजड वाहन सोपवतो. पडताळणीत हयगय झाली तर नुकसान ग्राहकाकडे होते आणि भरपाईची मागणी आपल्याकडे येते. हे दायित्व उचलणारी पॉलिसी म्हणजे प्रोफेशनल इन्डेम्निटी, आणि भरती संस्थेने पहिला विचार तिचाच करावा. आग आणि चोरीचा विमा घ्यावाच, पण त्याच्या निवडीत फार वेळ घालवण्याचे कारण नाही.

खरा गुंता पुढे आहे. आपण माणसे ग्राहकाच्या कायम नोकरीत लावून देतो, की आपल्या पगारपत्रकावर ठेवून ग्राहकाकडे कामाला पाठवतो? पहिल्या प्रकारात माणूस रुजू झाला की तो ग्राहकाचा कर्मचारी होतो, आणि आपल्याला विचारले जाते ते एवढेच, की निवड करताना वाजवी काळजी घेतली होती का. दुसऱ्या प्रकारात पगार आपण देतो आणि काम ग्राहक सांगतो. अशा माणसाला कामावर इजा झाली, किंवा त्याच्या हातून तिसऱ्याच कोणाला इजा झाली, तर मालक कोणाला म्हणायचे यावर वाद उभा राहतो. त्याचा निवाडा प्रत्येक देशाच्या कायद्यानुसार आणि प्रत्यक्ष कामावर नियंत्रण कोणाचे होते हे पाहून केला जातो. म्हणून कर्मचारी दायित्वाच्या (कर्मचाऱ्याला झालेल्या इजेसाठीच्या) आणि सार्वजनिक दायित्वाच्या (तिसऱ्या कोणाला झालेल्या इजेसाठीच्या) पॉलिसीत, बाहेर पाठवलेली माणसे ‘कर्मचारी’ या व्याख्येत बसतात का, हे शब्दशः वाचून घ्यावे. हिशेबनीस पाठवणाऱ्या संस्थेची जोखीम आणि बांधकामावर मजूर पाठवणाऱ्या संस्थेची जोखीम एक नव्हे. कामाचे प्रकार विमा कंपनीला लेखी कळवलेले असले पाहिजेत.

आता करारांकडे. मोठे ग्राहक आपल्या मसुद्यात एक कलम हमखास घालतात, की पाठवलेल्या माणसामुळे होणारे सर्व नुकसान संस्था भरून देईल. कायद्याने हयगयीबद्दल जेवढी जबाबदारी आपल्यावर आली असती, तेवढीच साधारणपणे विम्यात धरली जाते. सहीने ओढवून घेतलेली जादा जबाबदारी बहुतेक पॉलिसींत अपवादांच्या यादीत असते. अशा वेळी अधिक महाग पॉलिसी शोधण्यापेक्षा ते कलम बदलून घेणे मला शहाणपणाचे वाटते. उमेदवार ठरावीक मुदतीत सोडून गेल्यास शुल्क परत करण्याची हमीसुद्धा आपली आपणच निभावायची असते.

प्रोफेशनल इन्डेम्निटी बहुधा ‘दावा येईल तेव्हा’ या तत्त्वावर चालते. जुन्या भरतीतील चूक आज उघड झाली आणि दावा आज आला, तर चूक झाली त्या वर्षाची पॉलिसी उपयोगी पडत नाही, आजची चालू असावी लागते, आणि तिच्यातील पूर्वलक्षी तारीख, म्हणजे ज्या दिवसापासूनच्या कामाला ती पॉलिसी लागू होते तो दिवस, त्या चुकीच्या आधीची असावी लागते. थोडा हप्ता वाचवण्यासाठी विमा कंपनी बदलताना ही तारीख पुढे सरकली, तर मागच्या सगळ्या कामावरचे छत्र निघून जाते. विम्याची मर्यादा प्रत्येक दाव्याला आहे की वर्षभराच्या सर्व दाव्यांना मिळून, आणि वकिलाचा खर्च त्या मर्यादेतूनच जातो का, हेही विचारावे. बचावाचा खर्च आतूनच जात असेल तर भरपाईसाठी उरणारी रक्कम लहान होत जाते.

आपल्याकडे हजारो लोकांची ओळखपत्रे, पगाराचे आकडे आणि बँक खात्यांचे तपशील साठलेले असतात, त्यामुळे सायबर विमा आता ऐच्छिक मानू नये. खोट्या ईमेलवर विसंबून पगार भलत्याच खात्यात गेला, तर ते संरक्षण मात्र अनेकदा वेगळे मागावे लागते. नाकारलेल्या उमेदवाराने भेदभावाची तक्रार केली तर काय, हाही प्रश्न ब्रोकरला विचारावा.

प्रस्ताव अर्ज भरताना काहीही हातचे राखू नये. १७६६ साली इंग्लंडमध्ये कार्टर विरुद्ध बोहम या खटल्यात लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी मांडलेला विचार असा, की जोखमीची माहिती मुख्यतः विमा घेणाऱ्यालाच असते आणि विमा देणारा त्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवतो. आज ठिकठिकाणी नियम सौम्य झाले असले, तरी लपवलेली माहिती दावा बुडवू शकते. ग्राहकाचे नाराजीचे पहिले पत्र आले की विमा कंपनीला तेव्हाच कळवावे, आणि तिच्या संमतीवाचून चूक लेखी कबूल करू नये. संस्था विकताना किंवा बंद करतानाही रन-ऑफ संरक्षण, म्हणजे काम थांबल्यानंतर येणाऱ्या दाव्यांसाठीचा विमा, काही वर्षे चालू ठेवावे लागते, कारण जुन्या भरतीचे दावे नंतरही येतात. त्याची मुदत आणि हप्ता कोणी भरायचा, हे विक्रीच्या वाटाघाटींतच ठरवून घ्यावे.