फुगा आत फुटला तर?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तुम्ही म्हणजे कुणी एक नाही. पंगतीत शेजारी बसलेले पाहुणे, बँकेतले साहेब, मुलीच्या शाळेतल्या बाई, रंकाळ्यावर सकाळी भेटणारे निवृत्त मास्तर. माझं काम आता सगळ्यांना माहीत झालंय. अन्ननलिका किंवा आतडं कुठं आवळलं गेलं की दुर्बिणीतून फुगा आत नेतात, तिथं फुगवतात आणि वाट मोकळी करतात. तसले फुगे आम्ही घडवतो, कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात, सहा माणसं मिळून. एवढं ऐकून झालं की पाचव्या मिनिटाला प्रश्न येतोच, "पण काय हो, तो आत फुटला तर?" आणि विचारणारा हसतो.

फुटला तर पाणी सांडेल. आत हवा नसते, पाणी किंवा सलाइन असतं. हवा दाबली जाते आणि सुटली की उसळते, म्हणून सायकलची ट्यूब धडाका करते. पाणी जवळजवळ दाबलंच जात नाही. चीर पडली की दाब तिथल्या तिथं उतरतो. दाब काही कमी नसतो हं. १५ मिलिमीटरपर्यंत फुगणाऱ्या फुग्यात ८ वातावरणांच्या आसपास, म्हणजे ट्रकच्या टायरमध्ये असतो तेवढा. आणि भिंत केसाहून पातळ.

चीर कशी पडते हा खरा मुद्दा. उसाला पाणी नेणारा पीव्हीसी पाइप फुटलेला पाहिलाय ना? नेहमी उभा चिरतो. कारण नळीच्या भिंतीवर घेराच्या दिशेनं जो ताण येतो तो लांबीच्या दिशेच्या ताणाच्या दुप्पट असतो. फुग्याचंही तेच. उभी चीर पडली तर तो मुकाट्यानं मिटतो आणि आल्या वाटेनं बाहेर येतो. आडवा फाटला तर मात्र वाऱ्यानं उलटलेल्या छत्रीसारखा अडकतो. त्यामुळं आमची मेहनत फुगा उभाच फाटावा यासाठी असते. साच्याच्या आतल्या अंगाला आरशासारखं पॉलिश लागतं. तिथं एक ओरखडा राहिला तर तो प्रत्येक फुग्यावर उठतो आणि फुगा नेमका तिथं दगा देतो. माझे वडील उद्यमनगरात लेथवर होते, साचा बोटानं चाचपून ते सांगायचे. "कोल्हापुरात कसं काय जमतं?" असंही लोक विचारतात, त्याचं उत्तर एवढंच.

हे सगळं इतक्यांदा सांगितलंय की पाठ झालंय. सांगताना मी एक गोष्ट दर वेळी गाळतो.

माझे मामा हुपरीचे. पैंजणांच्या कामात उभा जन्म गेला. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात दुपारी लाइट गेली होती आणि त्यांनी अंधाऱ्या खोलीत तहानेनं बाटली उचलून तोंडाला लावली. चांदी उजळायचं ॲसिड, पाणी घालून पातळ केलेलं, पाण्याच्याच बाटलीत भरून ठेवलेलं. एक घोट. (ती बाटली पेट (PET) प्लॅस्टिकची. आमचे काही फुगेही पेटचेच. बाटली जशी नळी तापवून, ताणून, साच्यात फुगवून करतात, तसाच फुगाही करतात. हे मला फार उशिरा सुचलं आणि सुचलं नसतं तर बरं झालं असतं.)

घाव भरला, पण भरताना अन्ननलिका आवळली. दीड महिन्यात मामांना भाताची पेजही उतरेना. मग शहरातल्या एका दवाखान्यात दर दोन-तीन आठवड्यांनी फुगा सुरू झाला. घरचा माणूस या धंद्यातला, त्यामुळं सगळे माझ्याकडे बघायचे. मामांनीही पहिल्याच वेळी विचारलं, "काय रं, त्यो आत फुटला मंजे?" मी ऐटीत सांगितलं, "मामा, फुटत नाही. त्याचीच तर आम्ही परीक्षा घेतो." आणि घेतोच की. ३७ अंशांच्या पाण्यात बुडवून, एकेक फुगा फुटेपर्यंत फुगवतो. तेव्हाच्या माझ्या वहीत पहिल्या पानावर दोनच शब्द आहेत, खाली दोन रेघा मारलेले: "फुटू नये."

सहाव्या खेपेला फुगा आधी १२ मिलिमीटर, मग साडेतेरा, मग १५. एका बैठकीत ३ मिलिमीटरच्या पुढं जायचं नाही असा डॉक्टरांचा जुना दंडक आहे, तो पाळला होता. दाबाचा काटा जिथं असावा तिथं होता. फुगा अर्थातच फुटला नाही.

मामांना बाहेर आणलं तेव्हा ते पाठीत कळ येते म्हणाले. मामी माझ्याकडे बघत होत्या. मी म्हणालो, "थोडं दुखतंच, मामी. ताणलंय ना. होईल कमी." नर्सला बोलवू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, थांबा जरा. खाली जाऊन चहा आणला. आम्ही दोघांनी प्यायला. मामा डोळे मिटून पडले होते आणि मला ते झोपलेत असं वाटलं, किंवा वाटून घ्यायचं होतं. चाळीस मिनिटं गेली असतील. मामी पदरानं त्यांच्या गळ्यावरचा घाम पुसत होत्या, त्या एकदम थबकल्या. "हितं हात लाव रं," म्हणाल्या. मी बोटं ठेवली. कातडीखाली कुरकुरलं. कागदाच्या पुडीवरून भडंग दाबावं तसं. अन्ननलिकेतून निसटलेली हवा मानेपर्यंत चढली होती. ते काय असतं हे मला पुस्तकातून नीट ठाऊक होतं. म्हणून तर पुढच्या मिनिटाला मी ओरडत पळत सुटलो.

सीटी स्कॅन झाला, अन्ननलिकेला पडलेली चीर बुजवायला आवरण असलेला स्टेंट घातला, छातीत नळी, नाकातून आतड्यापर्यंत दुसरी नळी. एकोणीस दिवस. मामा वाचले.

डॉक्टरांचं चुकलं का? मी वर्षभर त्यांचं चुकलंच असं धरून चाललो होतो, कारण ते सोयीचं होतं. खरं म्हणजे ॲसिडनं भाजलेली अन्ननलिका इतरांहून सहज फाटते आणि हे सगळ्या जगात घडतं. चाळीस मिनिटं मात्र माझी होती. त्यांना मी कुठल्या दंडकात बसवू?

आणि काटा. काटा फुग्याच्या आतला दाब सांगतो. समोरच्या भिंतीला काय सोसावं लागतंय, हे त्याला कळत नाही. मऊ मांस असो की वण पडून कडक झालेली कड, काट्याला दोन्ही सारखीच. न ताणणाऱ्या प्लॅस्टिकचा फुगा आपलं माप गाठणारच, समोरच्यानं वाट दिली तर सरकवून, नाही तर फाडून. आम्ही इतकी वर्षं त्याच्या हट्टीपणाचं कौतुक करत होतो.

मग ताणणारा घ्यावा? तो आवळलेल्या जागी अडतो आणि दोन्ही टोकांना फुगतो, डमरूसारखा. मग शेजारची निरोगी भिंत नाहक ताणली जाते. वर फुगा निसटतो तो वेगळाच. चिमटीत धरलेला ओला चिंचोका उडतो तसा सटकतो आणि डॉक्टर तो पुन्हा मागं ओढून आणतात, त्याच भाजलेल्या जागेवरून घासत. म्हणून आता मधे किंचित बारीक कंबर असलेला फुगा करून पाहतोय, अडलेल्या जागी बसून राहणारा. भिंत आणखी नितळ करतोय, म्हणजे दुर्बिणीतून त्याच्या आरपार कातडी पांढरी पडताना दिसेल. आतल्या खारट पाण्यातून बारीकसा प्रवाह सोडून, विजेच्या रोधावरून तिथला घेर मोजणारे फुगे जगात निघालेत. तसं काही स्वस्तात जमतं का, यावरही डोकं घालतोय. २०१७ च्या मेडिकल डिव्हाइसेस रूल्सप्रमाणं कागद पुरे व्हायलाच किती काळ जाईल ते बघू.

"फुटू नये" लिहिणाऱ्या त्या पोराला मला सांगायचं असतं, की तू चुकीचा प्रश्न सोडवलास. तो म्हणतो, मग तुमचा फुगा अडलं की थांबणार. म्हणजे वाट कमी उघडणार. म्हणजे माणूस सहाऐवजी दहा वेळा टेबलावर चढणार, आणि दर खेपेची जोखीम वेगळी. ती कोण मोजणार? याला माझ्याकडे उत्तर नाही. त्याचं बोलणं अगदीच खोटं नाही.

आणि मामा त्याच्या बाजूचे. सध्या ते १२ वर आहेत. भाकरी दुधात तासभर भिजवून, कुस्करून खातात. मागच्या रविवारी आमच्याकडे मटण होतं, तर त्यांनी पांढरा रस्सा वाटीत घेऊन चमच्यानं प्यायला आणि मला विचारलं, "भाकरी नीट चावून गिळायची तर किती लागतं रं?"

"१५," मी म्हणालो. "१५ झालं तर बहुतेक सगळं जातं."

"मग पंधरा कराय सांग की त्यास्नी."

मामी मान वर न करता ताटातलं जेवत होत्या. पुढची तारीख अठ्ठावीस आहे.