कंबरदुखीची पुस्तके आणि आपली सकाळ

सोमवार

स्वतःच्या दुखण्यावर स्वतः उपाय करायला शिकवणारी पुस्तके मी गेले काही महिने मन लावून वाचते आहे. अंबाजोगाईच्या ज्या वाचनालयात मी काम करते, तिथे आरोग्याच्या कपाटातील पाठदुखी, सांधेदुखी आणि योगासनांवरची पुस्तके क्वचितच जागेवर असतात. त्यातच गेल्या पावसाळ्यात ग्रंथांचे गठ्ठे वरच्या मजल्यावर हलवताना माझ्या कंबरेत उसण भरली आणि ती पुढे उजव्या पोटरीपर्यंत उतरली, तेव्हापासून ही पुस्तके मला दुखणेकऱ्याच्या नजरेने वाचावी लागली. या विषयावरची काही इंग्रजी पुस्तके मुलाने पुण्याहून पाठवली. त्यांतून जे हाती लागले आणि जे पटले नाही, ते दोन्ही इथे नोंदवून ठेवते.

या सगळ्यांत मला सर्वांत मोलाचे वाटले ते न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांचे, १९८० साली प्रथम प्रसिद्ध झालेले छोटेसे पुस्तक. त्यामागची हकीकत १९५६ सालची आहे. वेलिंग्टनमधील त्यांच्या दवाखान्यात पाय दुखत असलेला एक रुग्ण आला. त्याला पालथे झोपायला सांगून मॅकेन्झी दुसऱ्या कामात गुंतले. परंतु त्या टेबलाचा डोक्याकडचा भाग आधीच्या रुग्णासाठी उचललेला राहिला होता आणि हा गृहस्थ तसाच, कंबर मागे वाकलेल्या अवस्थेत, काही मिनिटे पडून राहिला. तेव्हाच्या समजुतीप्रमाणे अशा रुग्णाने मागे वाकणे म्हणजे अपायच. प्रत्यक्षात मात्र तो उठला तेव्हा त्याचा पाय दुखायचा थांबलेला होता. मॅकेन्झींनी ही गोष्ट योगायोग म्हणून सोडून दिली नाही. पुढे कित्येक वर्षे ते रुग्णांना निरनिराळ्या दिशांनी वाकायला सांगून दुखणे कसे बदलते ते पाहत राहिले आणि त्यातून त्यांची पद्धत उभी राहिली.

या पद्धतीचा गाभा व्यायामाच्या चित्रांत नाही. दुखणे वाचायला शिकण्यात आहे. किती दुखते यापेक्षा कोणत्या हालचालीनंतर दुखणे कुठे सरकते, हे रुग्णाने पाहायचे असते. पोटरीतले दुखणे मांडीत, मांडीतले नितंबात आणि शेवटी कंबरेच्या मध्यावर येऊन थांबले, तर त्या काळात कंबर थोडी अधिक दुखली तरी ते सुधारणेचे लक्षण मानायचे. उलट कंबर हलकी वाटू लागली पण पाऊल बधिर होऊ लागले किंवा मुंग्या खाली उतरू लागल्या, तर ती हालचाल तिथेच थांबवायची. मी यासाठी एक वही केली. सकाळी उठल्यावर, दुपारी वाचनालयातून आल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी दुखणे शरीरात कुठे आहे एवढेच त्यात लिहीत गेले. खुर्चीवर बराच वेळ बसले की पोटरी बोलू लागते आणि चालले की ती शांत होते, हे मला त्या वहीने दाखवले. केवळ आठवणीवर विसंबून ते कधीच स्पष्ट झाले नसते.

आपल्याकडच्या वाचकाला त्यातला मुख्य व्यायाम भुजंगासनासारखा दिसेल आणि तसा तो दिसतोही. पण फरक महत्त्वाचा आहे. भुजंगासनात छाती उचलण्याचे काम पाठीचे स्नायू करतात, तर इथे पाठ पूर्ण सैल सोडून केवळ हातांच्या जोराने धड उचलायचे असते आणि कंबर जमिनीला टेकलेलीच ठेवायची असते. मला या व्यायामाने उतार पडला. म्हणून तो सर्वांना लागू पडेल असे मात्र नाही. थोडे चालले की पाय भरून येतात आणि बसल्यावर किंवा पुढे झुकल्यावर बरे वाटते, असे जे वयस्कर लोक सांगतात, त्यांच्या मणक्याची नळी अनेकदा अरुंद झालेली असते. मागे वाकल्याने ती आणखी आवळते आणि त्यांचा त्रास वाढतो. कंबरदुखी हे एकच दुखणे आहे असे समजून एकच आसन साऱ्यांना देणारी पुस्तके मला म्हणूनच धोक्याची वाटतात, मग ती कितीही श्रद्धेने लिहिलेली असोत.

बुधवार

कॅनडातील वॉटरलू विद्यापीठात स्टुअर्ट मॅकगिल यांनी मणक्याच्या यंत्रणेवर अनेक वर्षे संशोधन केले. सामान्य वाचकांसाठी त्यांनी लिहिलेले पुस्तक २०१५ साली आले. डुकराच्या मणक्यावर त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांत असे दिसले की, ओझे माफकच असले तरी मणका हजारो वेळा पुढे वाकवत राहिल्यास मणक्यांमधली चकती मागच्या बाजूने फाटत जाऊन आतला गर बाहेर येतो. यावरून त्यांचा पहिला सल्ला व्यायामाचा नसून थांबण्याचा आहे: दिवसभरातील ज्या हालचालींनी दुखणे जागे होते त्या आधी शोधून बाजूला काढा, बळ वाढवण्याचे त्यानंतर पाहू. प्रयोगशाळेतला निर्जीव मणका आणि स्वतःची झीज भरून काढणारे जिवंत शरीर यांत अंतर आहे, हे लक्षात ठेवूनही मला हा क्रम योग्य वाटतो.

सकाळच्या वेळेविषयी तर या विषयातले संशोधन आपल्या घरांशी थेट बोलते. रात्री आडवे पडल्यावर मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगतात, त्यामुळे सकाळी माणूस रात्रीपेक्षा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर उंच असतो आणि या वाढीतला निम्म्याच्या आसपास भाग उठल्यावर पहिल्या तासाभरातच ओसरतो. फुगलेली चकती वाकताना अधिक ताणली जाते. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात जुनाट कंबरदुखी असलेल्यांना उठल्यानंतरचे पहिले दोन तास पुढे वाकणे टाळायला शिकवले गेले आणि त्यांचे दुखणे कमी झाले. ज्या उपायाला पैसा लागत नाही आणि औषधही लागत नाही, असा हा उपाय आहे.

परंतु मराठवाड्यातल्या घरातले हे पहिले दोन तास कसे जातात? अंगण झाडायचे, सडा टाकायचा, गोठ्यातले शेण काढायचे, धारा काढायच्या, चूल किंवा शेगडी, आणि नळाला पाणी आले असेल तर सारे सोडून पाणी भरायचे. यातले प्रत्येक काम कंबरेतून वाकून होते आणि चकती सर्वांत फुगलेली असते तेव्हाच होते. कित्येक दिवसांनी एकदा पाणी येणाऱ्या गावात, ते ज्या वेळी येईल त्याच वेळी भरावे लागते. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातल्या बाईला 'सकाळी वाकू नका' असे सांगून पुस्तक मिटता येत नाही.

म्हणून मी काय बदलता येते ते पाहू लागले. लांब दांड्याचा झाडू आणला, तेव्हा शेजारच्या आजींनी आधी विरोध केला आणि पुढे स्वतःसाठीही एक मागवला. सडा दुपारवर ढकलता येत नाही, पण भाजी निवडणे, कणीक मळणे ही उभ्याने किंवा ओट्यावर होणारी कामे आधी आणि वाकण्याची नंतर, असा क्रम लावता येतो. पाण्याचे गणित मला विशेष उपयोगी पडले. पंधरा लिटरचा हंडा कंबरेपासून चाळीस सेंटिमीटर दूर धरून उचलला, तर मणक्यामागचे स्नायू जेमतेम पाच सेंटिमीटरच्या तरफेवर तो तोलतात, म्हणजे त्यांना सुमारे १२० किलोइतका जोर लावावा लागतो, आणि त्यात आपल्याच धडाचे वजन अजून धरलेले नाही. तोच हंडा अंगाशी, वीस सेंटिमीटरवर घेतला की हा जोर निम्मा होतो. ड्रममध्ये वाकून कळशी बुडवण्यापेक्षा ड्रमलाच खाली तोटी बसवून तो चौथऱ्यावर ठेवणे ही गोष्ट नळाच्या मिस्त्रीला सांगून करण्याजोगी आहे. मी ती करून घेतली.

शनिवार

आज गावी गेले होते. थोरल्या जाऊबाई कापूस वेचायला गेल्या होत्या, म्हणून थेट शेतातच पोहोचले. पहिल्या वेचणीत बोंडे झाडाच्या खालच्या भागात फुटलेली असतात, त्यामुळे वाकण्याचा सगळा भार या वेचणीवर येतो. पोटाशी बांधलेल्या ओटीत कापूस साठत जातो आणि वाकलेल्या कंबरेला तो वाढता भार पुढे ओढत राहतो. मी त्यांना पुस्तकातली चित्रे दाखवली. त्यांत खुर्ची आहे, मोटारीची सीट आहे, गादी कशी असावी तेही आहे. जाऊबाईंनी चित्रे शांतपणे पाहिली आणि विचारले, "यात वेचणारी बाई कुठंय?"

मला त्या प्रश्नाचे महत्त्व पटले, कारण या पुस्तकांतले शरीर बहुतेक वेळा दिवसभर बसलेले असते. आमच्याकडचे दिवसभर वाकलेले असते, आणि त्याची मजुरी किलोवर मोजली जाते. तरीही पुस्तकातला एक उपाय शेतात चालला: ओळ संपली की सरळ उभे राहून, तळहात कंबरेवर टेकवून पाच-सहा वेळा मागे झुकायचे. त्याला क्षणाचाच वेळ लागतो. दुसरे, ओटी गच्च भरण्याची वाट न पाहता ती लवकर रिकामी करायची. "त्यात फेऱ्या वाढत्यात की माय, अन् किलो घटतंय," असे त्या म्हणाल्या, आणि हे खरेच आहे. मजुरीचा दर कोणतेही व्यायामाचे पुस्तक बदलू शकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांबाबत तर हे आणखी तीव्रतेने जाणवते. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढणाऱ्या माणसाला वजन कसे उचलावे हे सांगण्याआधी ते वजन आणि ती उचल कोण ठरवते, हे विचारले पाहिजे. परभणीच्या कृषी विद्यापीठात शेतकरी महिलांचे कष्ट हलके करणाऱ्या साधनांवर काम झाले आहे. असे काम आणि दुखण्यावरची पुस्तके एकमेकांना भेटत नाहीत, याची मला खंत वाटते.

रविवार

सर्व दुखण्यांचे एकच मूळ सांगणाऱ्या पुस्तकांविषयी आज लिहिते. कुणी ते बसण्या-उभे राहण्याच्या ढबीत शोधतो, कुणी स्नायूंतल्या गाठींत. न्यूयॉर्कचे डॉक्टर जॉन सार्नो यांनी १९९१ साली आलेल्या पुस्तकात ते दाबून ठेवलेल्या भावनांत शोधले. असंख्य वाचकांना त्याने बरे वाटले, हे मी नाकारत नाही. भीती आणि ताण दुखणे वाढवतात हे आता सर्वमान्य आहे. पण त्यावरून प्रत्येक कंबरदुखी मनातून येते असे ठरवले, तर सबंध शेत वेचून आलेल्या बाईवर तो अन्याय होतो.

मला अधिक उपयोग झाला तो वेदनेचे विज्ञान समजावणाऱ्या लेखनाचा. माझ्या एमआरआयमध्ये चकती सरकल्याचे दिसले तेव्हा घरात सगळ्यांनी 'मणक्यात गॅप' हे शब्द घाबरून उच्चारले होते. पुढे २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक आढावा वाचनात आला. कोणतेही दुखणे नसलेल्या ३,११० माणसांच्या मणक्यांच्या तपासण्या त्यात एकत्र पाहिल्या होत्या. चकतीची झीज विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के निरोगी माणसांत होती. चकती फुगलेली असण्याचे प्रमाण विशीत ३० आणि ऐंशीत ८४ टक्के होते. फिल्ममध्ये जे दिसते ते नेहमीच दुखण्याचे कारण नसते, हे कळल्यावर मी पुन्हा चालायला लागले. महिनाभर सक्त पडून राहण्याचा सल्ला देणाऱ्या थोरामोठ्यांनाही मी आदराने सांगते की १९८६ सालीच अमेरिकेत सात दिवसांच्या विश्रांतीशी दोन दिवसांची विश्रांती ताडून पाहिली गेली आणि दोनच दिवस पडून राहिलेले लोक लवकर कामावर परतले.

तरीही ही पुस्तके पाश्चात्त्य देशांत लिहिली गेली, याचा एक गंभीर परिणाम आहे. धोक्याची लक्षणे बहुतेक पुस्तकांत दिलेली असतात: लघवी किंवा शौचावरचा ताबा जाणे, जांघेचा भाग बधिर होणे, पायातली ताकद कमी होत जाणे, कारणाशिवाय वजन घटणे. पण आपल्याकडे मणक्याचा क्षयरोग या यादीत ठळकपणे वर असायला हवा, कारण जगातल्या क्षयरुग्णांपैकी जवळपास चौथा हिस्सा भारतात आहे. मागे एक तरुण वाचक पाठदुखीचे पुस्तक मागायला आला. मी सहज चौकशी केली, तेव्हा संध्याकाळी बारीक ताप येतो, भूक मेली आहे आणि रात्री दुखण्याने जाग येते, असे त्याने सांगितले. मी त्याला पुस्तक न देता सरकारी रुग्णालयात पाठवले. डॉक्टरांनी त्याला ताबडतोब तपासण्या लिहून दिल्या. क्षय वेळेत ओळखला तर औषधांनी बरा होतो, उशीर झाला तर पाय लुळे पडू शकतात. अशा वेळी घरी व्यायाम करत बसणे फार महागात पडते.

तेव्हापासून वाचनालयातल्या या विषयाच्या प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर मी एक चिठ्ठी चिकटवते आहे. तिच्यात ही लक्षणे आणि 'यांतले एकही असेल तर आधी डॉक्टरांकडे जा' एवढेच मोठ्या अक्षरांत लिहिले आहे. दुसरे काम लांबचे आहे. झाडणारी, पाणी भरणारी, वेचणारी, मोळी उचलणारी माणसे ज्यात असतील असे मराठी पुस्तक मला कुठे सापडलेले नाही. निदान त्याची कच्ची वही तरी तयार करावी, म्हणून जाऊबाईंना विचारून वेचणीचे फोटो घ्यायचे ठरवले आहे. दुसरी वेचणी सुरू झाली की पुन्हा गावी जाईन. त्यातल्या प्रत्येक हालचालीवर बसून बोलायचे आमच्या ओळखीच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी कबूल केले आहे.